पणजीच्या हातातलं पुस्तक: तसबिरीतली पुस्तकं वाचायची असतात की नुसती धरायची?

पाखाडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय तसा घरगुती आहे, पण इथे चित्रकलेतली माणसं आहेत आणि कोकणातली तर आहेतच, म्हणून इथेच विचारते.

गुहागर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. माजघरात देवघराच्या दारावर माझ्या पणजीची मोठी तसबीर आहे. बयआजी म्हणायचे तिला सगळे. नऊवारी, नथ, ठसठशीत कुंकू, खुर्चीत ताठ बसलेली, डावा हात मांडीवर आणि उजव्या हातात मिटलेलं पुस्तक. पण नुसतं मिटलेलं नाही, त्यात तर्जनी घातलेली आहे. म्हणजे वाचता वाचता कोणीतरी हाक मारली, पान सापडावं म्हणून तिने बोट आत ठेवून पुस्तक मिटलं आणि समोर बघितलं, असं. मे महिन्यात दुपारी जेवणं झाली की सारवलेल्या जमिनीवर आडवी पडून मी ते बोट बघत बसायचे. आता ही परत पुस्तक उघडेल असं वाटायचं.

यंदा गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा विषय निघाला आणि काका सहज म्हणाला, "तिला कुठे गं लिहितावाचता येत होतं, कुळकायद्याच्या कागदांवर अंगठा आहे तिचा. पुस्तक फोटोवाल्याने दिलं असणार हातात." सगळे हसले आणि मोदकांकडे वळले. मला मात्र दोन दिवस चैन पडलं नाही. इतकी वर्षं मी जिला वाचणारी बाई म्हणून बघत आले ती नुसती पुस्तक धरून बसलेली होती का?

तर प्रश्न असा की व्यक्तिचित्रात पुस्तक असतं त्याचा अर्थ काय धरायचा? ते त्या माणसाबद्दल काही खरं सांगतं, की नुसती शोभा? तुमच्या घरात अशा तसबिरी असतील तर त्याबद्दलही लिहा.

काजूगर

आमच्या आजोबांच्या फोटोत हातात काठी आहे आणि ते शेवटपर्यंत काठीशिवाय चालले :)

रंगपेटी

पाखाडीताई, छान विषय. मी पोर्ट्रेट करतो, पोटापाण्याचा धंदाच तो, म्हणून धंद्यातलं सांगतो. चेहरा जमतो हो, हात जमत नाहीत. समोर बसलेल्या माणसाला हाताचं काय करायचं ते कळत नाही, तो मुठी आवळतो नाहीतर गुडघे धरून बसतो. अशा वेळी हातात काहीतरी द्यायचं. पुरुषाला काठी, घड्याळाची साखळी, वर्तमानपत्र, आणि बाईला रुमाल, फूल, पुस्तक. पुस्तक सगळ्यात सोयीचं कारण त्याने बोटं आपोआप सुटी पडतात. जुन्या स्टुडिओतसुद्धा हेच असायचं, रंगवलेला पडदा, एक कोरीव टेबल, फुलदाणी आणि दोन पुस्तकं. तीच दोन पुस्तकं अख्ख्या गावाच्या हातात दिसतील तुम्हाला. त्यामुळे काका म्हणतात ते अगदीच चूक नसेल.

एक बघून सांगा, तसबीर कॅनव्हासवर आहे का? मागून कापडाची वीण दिसते का? त्या काळी आपल्याकडे बऱ्याच घरांत फोटो मोठा करून त्या ब्रोमाइडवर रंग चढवलेले असायचे, लांबून ऑइल पेंटिंगच वाटतं. तसं असेल तर पुस्तक मुळात फोटोत होतं की रंगवणाऱ्याने नंतर घातलं हे कळू शकेल.

खाडीकाठ

रंगपेटी, हातांचं पटलं, पण बोटाचं काय? नुसतं पुस्तक द्यायचं तर मांडीवर ठेवून द्यायचं. पानात बोट अडकवलेलं आहे ही गोष्ट फार वेगळी आहे.

मी कलेचा इतिहास शिकले, आता दाभोळच्या खाडीवर सुपारी सोलते, पण हे बोट डोक्यातून गेलेलं नाही. फ्लॉरेन्सच्या उफिझीमध्ये सिमोने मार्तिनीने १३३३ साली केलेलं एक चित्र आहे, देवदूत मेरीला निरोप द्यायला येतो तो प्रसंग. ती वाचत बसलेली आहे, दूत आल्यावर अंग चोरून मागे सरकते, पण हातातल्या लाल पुस्तकात अंगठा तसाच ठेवलेला आहे. जगाची उलथापालथ करणारी बातमी कानावर येतेय आणि ही बाई पान हरवू देत नाहीये. मला पहिल्यांदा ते बोट दिसलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मग दोनशे वर्षांनी ब्राँझिनो नावाचा फ्लॉरेन्सचाच चित्रकार, त्याच्या व्यक्तिचित्रांत हे बोट परत परत येतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधला त्याचा तरुण, एका बोटाने पुस्तक अर्धवट उघडं धरून उभा आहे. बर्लिनमधला उगोलीनो मार्तेल्ली तर एका पुस्तकावर हात ठेवून बसलाय आणि शेजारी टेबलावर इलियड हे ग्रीक महाकाव्य उघडं आहे, नववा सर्ग, अक्षरं वाचता येतात इतकी नीट काढलेली. बघणाऱ्याला सांगायचंय की मी तुमच्यासाठी थांबलोय, तुम्ही गेलात की परत वाचणार.

म्हणून म्हणते, मिटलेलं पुस्तक म्हणजे मान, उघडं पुस्तक म्हणजे मजकूर, आणि बोट घातलेलं पुस्तक म्हणजे सवय. ज्याला वाचायची सवय नाही तो पुस्तकात बोट घालून बसतच नाही, दोन्ही हातांनी ताट धरल्यासारखं धरतो. घरात कोणाच्या तरी हातात पुस्तक देऊन बघा.

रंगपेटी

मान्य, पण फोटोग्राफर सांगतो ना, "बोट आत घाला, बरं दिसतं." ती पोझ विलायती अल्बमांतून शिकलेले लोक होते ते. तुमच्या ब्राँझिनोचं बोट असं फिरत फिरत रत्नागिरीच्या स्टुडिओत आलं असेल, तिथपर्यंत माझी काही हरकत नाही.

दर्यावर्दी

आमची बोट टिलबरीला लागली होती तेव्हा सुट्टी घेऊन लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेलो होतो, सोबतचे दोघे बाजारात गेले मी एकटाच. होल्बाइनचं ते दोन राजदूतांचं चित्र आहे, १५३३ चं, दोन्ही माणसं उभी, मध्ये मांडणीवर गोल, दुर्बिणीच्या आधीच्या काळातली खगोलाची यंत्रं, वीणेसारखं वाद्य त्याची एक तार तुटलेली. मी दर्यावरचा माणूस म्हणून आधी यंत्रांकडेच बघत राहिलो. मग गाइड शाळेच्या पोरांना सांगत होती ते ऐकलं. खाली दोन पुस्तकं उघडी आहेत, एक व्यापाऱ्यांच्या हिशोबाचं गणित आणि एक ल्यूथरच्या पंथातल्या भजनांचं. तेव्हा युरोपात धर्मावरून फूट पडलेली होती, त्यातला एक राजदूत तर स्वतः बिशप, कॅथलिक. तरी पुस्तक ल्यूथरवाल्यांचं. आणि गणिताच्या पुस्तकाचं पान भागाकाराचं आहे! फाटाफुटीच्या काळात भागाकार, म्हणजे काय ते समजा.

पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच. त्या बिशपाचं कोपर एका जाड पुस्तकावर टेकलेलं आहे आणि त्या पुस्तकाच्या कडेवर त्याचं वय लिहिलेलं आहे, पंचवीस. दुसऱ्याचं वय त्याच्या खंजिराच्या म्यानावर लिहिलंय, एकोणतीस. एकाचं आयुष्य शस्त्रावर मोजलं, एकाचं पुस्तकावर. पाखाडीताई, तुमच्या पणजीच्या पुस्तकाच्या कडा नीट बघा, कुठे काही लिहिलंय का.

पाखाडी

बापरे, किती छान लिहिताय सगळे. खाडीकाठ, तो लाल पुस्तकात अंगठा ठेवलेला तुकडा मी आईला वाचून दाखवला. आमच्या तसबिरीतलं पुस्तकही लालसरच आहे! कॅनव्हास आहे का ते मला माहीत नाही, काका घरी आहे त्याला सांगते उतरवून बघायला. तो जरा कुरकुर करेल, शिडी आणायला लागेल.

मास्तर_मालवण

ताईनू, पुस्तकाचा मागसून बघू, आधी त्या अंगठ्याचा बोलूया. अंगठो आसा म्हणान वाचूक येय नाय, ह्या खयसून इला?

आता सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहितो. मी तीस वर्षं शाळेत होतो, निवृत्तीनंतर मोडीचे कागद वाचून देतो लोकांना. तीन गोष्टी वेगळ्या आहेत त्या आपण एकत्र करतो. वाचता येणं एक, लिहिता येणं दुसरं, आणि मोडी येणं तिसरं. जुने सरकारदरबारचे, सावकाराचे, जमिनीचे कागद मोडीत. पोथ्या, छापील पुस्तकं बहुतेक बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. घरातल्या बाईला बाळबोध वाचायला शिकवायचे तेसुद्धा पोथीपुरतं, पण लिहायला शिकवायचे नाहीत. कारण काय तर लिहायला लागली की पत्रं लिहील. हे माझ्या स्वतःच्या आजीने मला सांगितलंय, आणि सांगताना ती हसत नव्हती.

माझ्या आजयेक लिवूक येय नाय. पण श्रावणात शिवलीलामृत उघडल्यान की अकरावो अध्याय अख्खो वाची, आणि चुकलेला अक्षर परत मागे येवन वाची. तिचोय अंगठोच आसा सगळ्या कागदार. शिवाय विटनेसला चार पुरुष बसलेले असताना बाईने पेन हातात घेऊन गिरवत बसायचं, त्यापेक्षा तलाठी शाईचा पॅड पुढे करायचा, काम लवकर आटपायचं. मी अशा सह्या बघितल्यात की बाईला लिहिता येत होतं तरी अंगठा घेतलाय.

तर तुमच्या काकांका माझो नमस्कार सांगा आणि म्हणा, अंगठो हो लिवण्याचो पुरावो, वाचण्याचो न्हय.

जास्वंद

मास्तर, साष्टांग नमस्कार. हे वाचून मला माझ्या आजीचं आठवलं, तिला सही येत होती आणि वाचता येत नव्हतं. उलटं. नाव गिरवायला शिकवलं होतं साक्षरतेच्या वर्गात, पण बसची पाटी वाचता यायची नाही. आयुष्यभर सही करणारी बाई साक्षर मोजली गेली असेल आणि पोथी वाचणारी निरक्षर.

काजूगर

मास्तरांनी एका ओळीत केस जिंकली. काका अपिलात जाणार का?

सांदण

मी मंडणगडचा. आंबडवे आमच्यापासून लांब नाही, बाबासाहेबांचं मूळ गाव. तसबिरीतल्या पुस्तकाबद्दल बोलताय आणि बाबासाहेबांचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितोय.

निळा कोट, लाल टाय, एका हातात छातीशी धरलेलं संविधान आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे. देशात दुसऱ्या कुठल्या माणसाचं पुस्तकासकट रूप इतक्या गावांत उभं आहे ते मला सांगा. पुतळा लांबून, पाठमोरा, अर्धा झाडाआड असला तरी पुस्तकावरून ओळखू येतो. आमच्या वस्तीतला पुतळा सिमेंटचा आहे, दरवर्षी एप्रिलमध्ये रंग देतात, रंग देणारा पोरगा चेहऱ्याला घाबरतो पण पुस्तकावरची अक्षरं मन लावून काढतो. मी लहान असताना माझ्या वडिलांनी मला उचलून त्या पुस्तकावर हात ठेवायला लावला होता. त्यांना चौथीनंतर शाळा सोडावी लागली होती.

आणि हेही बघा, महाड कोकणातच आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. एक पुस्तक जाळलं आणि दुसरं पुढे स्वतः हाताने घडवलं, आणि पुतळ्यात हे दुसरं कायमचं हातात आलं. त्यामुळे रंगपेटी भाऊ, पुस्तक हाताला काम म्हणून देतात हे कुठे कुठे खरं असेल, पण आमच्याकडे ते पुस्तक काढून घेतलं तर पुतळाच उरणार नाही. माझ्यासाठी त्या पुस्तकाचा अर्थ एकच आहे, हे आता आमच्याही हातात आहे.

रंगपेटी

सांदण, तुमच्यापुढे माझं हाताला काम वगैरे मागे घेतो. मनापासून. वडिलांचं वाचून थांबलो होतो जरा.

खाडीकाठ

सांदण, फार मोलाचं लिहिलंत. बंदी असलेलं, नाकारलेलं पुस्तक चित्रात धरणं हा मोठा धागा आहे. फ्रान्सच्या राजाची मैत्रीण मादाम द पॉम्पादूर, तिचं १७५५ चं ला तूरने केलेलं पेस्टल लूव्हरमध्ये आहे. मागे टेबलावर जाड खंड मांडलेत, त्यात दिदेरोच्या विश्वकोशाचा चौथा खंड. याच विश्वकोशाच्या पहिल्या दोन खंडांवर १७५२ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने बंदी घातलेली. आणि राजाच्याच घरातली बाई तीन वर्षांत तो घेऊन चित्राला बसते. पुस्तकांच्या कण्यावरची नावं वाचता येतील अशी रंगवलीत, ती काय उगाच नाही.

जास्वंद

म्हणजे नाव दिसणं महत्त्वाचं. आपल्याकडच्या वकिलांच्या तसबिरीत मागे कायद्याच्या जाड पुस्तकांची रांग असते तीही नावासकट, आणि बायकांच्या हातातल्या पुस्तकाला मात्र नाव नसतं. पाखाडी, तुझ्या पणजीच्या पुस्तकाला नाव आहे का?

पाखाडी

नाही गं. नुसता लालसर तपकिरी चौकोन, कडांना पिवळट रेघा.

आंबोळी

थोडं अवांतर. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, सगळ्यांना माहीत असेल, २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. तिथे कथा सांगताना एकेक चित्र पुढे धरतात आणि गात गात कथा सांगतात. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला काय म्हणतात? पोथी! एका आख्यानाची चित्रं म्हणजे एक पोथी. त्यावर अक्षर नाही. म्हणजे आपल्याच तळकोकणात चित्र वाचणं ही रीत जुनी आहे, आणि इथे आपण सगळे मिळून एक चित्र वाचतोय म्हणून आठवलं.

दुसरं, जरा दुखरं आहे. माझी आई एका शाळेत होती (नाव घेत नाही), तिथे सभागृहात संस्थेच्या पहिल्या शिक्षिकेचं तैलचित्र होतं, हातात उघडं पुस्तक. छत गळून खालचा भाग खराब झाला तेव्हा कोणा रंगाऱ्याकडून दुरुस्त करून घेतलं. परत आलं तेव्हा पुस्तक नाहीसं, तिथे साडीच्या निऱ्या! कोणाच्या लक्षातही आलं नाही. आई मात्र रडली होती घरी येऊन. ती म्हणाली, बाईंचा जन्म गेला शिकवण्यात आणि शेवटी हातात निऱ्या दिल्या.

दर्यावर्दी

अरेरे. हे वाचून खरंच राग आला.

फणसगरा

दुरुस्तीवरून लिहितो. मी चिपळूणचा, २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात मदतीला जाणाऱ्यांत मीही होतो. १८६४ सालची संस्था. पाणी ओसरल्यावर पुस्तकांची काय अवस्था होते ते डोळ्यांनी बघितलंय, पानं एकमेकांना अशी चिकटतात की वीट होते नुसती. उघडायला गेलं की अक्षरं समोरच्या पानाला जातात. त्या दिवसापासून माझ्यासाठी पुस्तक म्हणजे कागदाची वस्तू आहे, आधी ती जगली पाहिजे, मग अर्थबिर्थ.

म्हणून पाखाडीताई, तुमची तसबीर उतरवणार असाल तर थोडं जपून. रंगपेटी सांगतीलच.

रंगपेटी

सांगतो. ओल्या फडक्याने पुसू नका, बटाटा चोळणं वगैरे जे उपाय फिरतात ते अजिबात करू नका. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ तेवढी झटका. बुरशी दिसली तर मोकळ्या हवेत सावलीत ठेवा, थेट उन्हात नको, रंगाला तडे जातात. परत लावताना पावसाची झड लागते त्या भिंतीवर लावू नका, आणि चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळेल. कोकणात निम्मी चित्रं भिंतीच्या ओलीने मेलीत.

आणि पुस्तक बघाल तेव्हा एक गोष्ट नक्की बघा. चित्रात पुस्तक नंतर घातलेलं असेल तर त्याचा उजेड चुकतो. पान किंवा फिका कागद असला की तो उजेड परत फेकतो, हनुवटीखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला. आम्स्टरडॅमला रेम्ब्रांटची १६३१ ची एक म्हातारी आहे वाचत बसलेली, सुरकुतलेला हात सपाट पानावर ठेवलाय. चेहरा जवळजवळ अंधारात, उजेड सगळा पुस्तकावर आणि त्या हातावर. आपल्या सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी समईवाली रंगवली ना, म्हैसूरला आहे ती, लोक रविवर्म्याची समजतात, तिच्या बोटांतून दिव्याचा लाल उजेड झिरपतो. रेम्ब्रांटने पुस्तकाला तसंच दिव्यासारखं वापरलंय. ज्याने पुस्तक समोर ठेवून रंगवलं त्याच्या चित्रात बोटाच्या खालच्या कडेला पानाचा उजेड असतोच, ज्याने मनाने घातलं तो हे विसरतो.

काजूगर

रंगपेटी, हे वाचल्यावर घरातले सगळे फोटो बघून आलो. काठीखाली सावली आहे. आजोबा सुटले.

जास्वंद

सरस्वतीचं कोणीच बोललं नाही. रविवर्म्याची १८९६ ची सरस्वती, चार हातांपैकी एकात पोथी, एकात माळ, दोन वीणेवर. ती वाचताना दिसत नाही कधी, विद्या तिच्याकडे आहेच म्हणून पोथी नुसती धरलेली. मला वाटायचं आपल्याकडे बाईच्या हातात पुस्तक म्हणजे सरस्वतीचाच छाप, म्हणून फोटोवाल्यांनाही सुचत असेल. पण बोट घातलेली सरस्वती मी पाहिली नाही. देवीला पान शोधावं लागत नाही. पान हरवायची भीती माणसाला.

खाडीकाठ

जास्वंद, शेवटच्या तीन वाक्यांसाठी माझ्याकडून शहाळं.

पाखाडी

मंडळी, उतरवली!! सगळं सविस्तर सांगते.

काकाने काल शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन तसबीर उतरवली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. कॅनव्हास नाही. मागचा पुठ्ठा काढला तर जाड कागद, आणि रंगपेटी म्हणाले तसंच, कानाच्या मागे आणि खुर्चीच्या पाठीवर रंग पातळ आहे तिथे खालचा फोटो दिसतो. पुस्तकाच्या खालच्या कोपऱ्यावर रंगाचा टवका उडालाय, तिथेही खाली फोटोतलं पुस्तकच आहे, कड आणि पानांसकट. म्हणजे रंगवणाऱ्याने घातलेलं नाही, फोटो काढताना तिच्या हातात होतं. कडेवर काही लिहिलेलं नाही, दर्यावर्दी, मी खूप शोधलं.

मग मी काकाला म्हटलं मोबाइल बोटाजवळ ने. त्याने नेला, आणि आम्ही दोघंही गप्प झालो. तर्जनीचं जेवढं पेर पुस्तकाच्या बाहेर आहे ते सरळ नाही. जरा बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे. मी लहानपणापासून बघत होते, मला वाटायचं चित्रकाराला जमलं नाही. काका म्हणाला, "अगं तिचं हे बोट विळीवर कापलं होतं, नारळ खवताना, ते वाकडंच राहिलं." त्याला एकदम आठवलं. तो सात-आठ वर्षांचा होता ती गेली तेव्हा.

आज आत्याला फोन केला, ती शृंगारतळीला असते, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून विचारलं. ती म्हणाली, "वाचायची की! लिहायला कोण शिकवणार होतं तिला? तिचा भाऊ शाळेत जायचा त्याच्या पुस्तकावर शिकली. बोट ठेवून वाचायची. ओळ संपली की बोट परत डावीकडे आणायला तिला वेळ लागायचा, तेवढा वेळ आम्ही सगळ्या थांबायचो." श्रावणात सोमवारी पडवीत आळीतल्या बायका जमायच्या आणि ही वाचायची. मधूनच गाय हंबरली, कोणी सोवळ्याचं पाणी मागायला आलं की बोट आत ठेवून पोथी मिटायची, उठायची नाही, तिथूनच उत्तर द्यायची.

मास्तर, तुमचं म्हणणं शब्दाला शब्द खरं निघालं.

आता फोटोतलं पुस्तक तिचं होतं की स्टुडिओतलं, हे कळायला मार्ग नाही. आत्याच्या आठवणीतली पोथी मोठी होती, फोटोतलं पुस्तक लहान आहे. पण बोट तिचं आहे, आणि ते तिने कसं घातलं हे तिला कोणी शिकवलं असेल असं मला आता वाटत नाही.

मास्तर_मालवण

गे बाय, डोळ्यात पाणी इला. तुझ्या पणजीक आणि माझ्या आजयेक एकदम नमस्कार केलंय आता देवाकडे.

सांदण

भावाच्या पुस्तकावर शिकली, हे फार लागलं. आमच्याकडेही खिडकीबाहेर उभं राहून शिकलेली माणसं होती.

खाडीकाठ

स्टुडिओचं पुस्तक असेल तर असू दे. वाचणाऱ्या माणसाच्या हातात कुठलंही पुस्तक द्या, बोट आपोआप आत जातं. रंगपेटी, बरोबर ना?

रंगपेटी

बरोबर. हरलो आणि बरं वाटलं.

पाखाडीताई, परत लावायच्या आधी मागे एक चिठ्ठी ठेवा. कोणाचं चित्र, कुठलं घर, आणि हे जे कळलं ते. नाहीतर पन्नास वर्षांनी परत कोणीतरी म्हणेल, पुस्तक फोटोवाल्याचं. बॉलपेनने लिहू नका, शाई पसरते, साध्या पेन्सिलीने लिहा. चिठ्ठी फोटोच्या कागदाला चिकटवू नका, मागच्या पुठ्ठ्याला आतून लावा. सेलोटेप तर बिलकुल नको, गव्हाच्या खळीने लावा.

पाखाडी

खळ काकूने केली आहे. चिठ्ठी मी इथून सांगतेय आणि काका लिहितोय, त्यानेच हट्ट धरला मी लिहिणार म्हणून. नाव झालं, गाव झालं, विळीचं बोट झालं. आता तो फोनवर विचारतोय, पुढे "वाचता येत होते" लिहू की "वाचत असे"?

मी म्हटलं, वाचत असे.